थुंकी लावून पाहणारा तेजराम

तेजराम रहांगडालेचं नाव निघालं की मला आधी त्याची थुंकी आठवते आणि मग तो. याला माझा इलाज नाही. गोंदियाच्या बाहेर, बालाघाट रोडवर एका टिनाच्या शेडमध्ये आम्ही दोघांनी कित्येक वर्षं शेजारी-शेजारी धंदा केला. अर्ध्या शेडमध्ये माझं सीट कव्हरचं काम आणि अर्ध्यात त्याचं. त्याच्या अर्ध्यात काय चालायचं ते मला नको असतानाही रोज बघावं लागायचं.

त्याच्याकडे कार्बनचे भाग यायचे. गोंदियासारख्या गावात कार्बन फायबरचं बोनेट कोणाकडे असणार, असं कोणालाही वाटेल. मलाही वाटायचं. पण तांदळानं माणसाला काय काय घेता येतं हे मिलवाल्यांची पोरं बघितल्याशिवाय कळत नाही. शिवाय रायपूर, भिलाई, नागपूरहूनही माल यायचा. रेल्वेच्या लगेजमधून बोनेटं यायची, आरशांची कव्हरं यायची, चादरीत गुंडाळून, वरून सुतळी बांधून. आत बघावं तर सगळं पांढुरकं पडलेलं, कुठे पिवळं, कुठे पापुद्रे सुटलेले. कार्बनच्या वर काचेसारखा एक थर असतो. त्याला ही मंडळी क्लिअर म्हणतात. आमच्याकडचं ऊन त्या क्लिअरला दोन-चार उन्हाळ्यांत खाऊन टाकतं.

असा भाग समोर आला की तेजराम आधी बोलायचा नाही. उजव्या हाताचं मधलं बोट जिभेवर लांबलचक फिरवायचा आणि त्या बोटानं बोनेटवर एक ओला पट्टा ओढायचा. मग मान वाकडी करून त्या थुंकीत बघत बसायचा. ओल्या जागी खालची काळी वीण लख्ख दिसली, तर क्लिअर अजून जिवंत आहे, नुसता वरचा पदर मेलाय, घासून पॉलिश केलं की काम होतं. ओलं करूनही आत दुधासारखं दिसत राहिलं, तर क्लिअर मेलं. ते सगळं काढून फवारायच्या गननं नवीन मारायचं. निदान एवढंच होतं. पण शेजारी पाण्याची बादली भरलेली असायची आणि हा माणूस थुंकी वापरायचा. एका डॉक्टरच्या गाडीवर त्यानं डॉक्टरच्या समोर असा पट्टा ओढला, तेव्हा डॉक्टरनं खिशातून रुमाल काढून स्वतःच्याच तोंडावर धरला. ते गेल्यावर मी तेजरामला झापलं. बादलीतलं पाणी काय पूजेला ठेवलंय का, असं विचारलं.

“पानी पळते गा टेलर,” तो म्हणाला. मी शिवणारा, म्हणून त्याच्या लेखी मी टेलरच. “थुंकी बसते.”

आमच्या भागात खर्रा, म्हणजे घोटलेली सुपारी-तंबाखू, न खाणारा माणूस सापडणं कठीण. तेजरामनं उभ्या जन्मात खर्रा खाल्ला नाही. लोक त्याला निर्व्यसनी म्हणायचे, आपल्या पोरांना त्याचं उदाहरण द्यायचे. मला खरं कारण माहीत होतं. खर्र्यानं थुंकी तांबडी झाली असती आणि मग आतलं दूध दिसलं नसतं. त्याची जीभ हे त्याचं हत्यार होतं, एवढंच. हे कळल्यापासून त्याच्या घरचं पाणीसुद्धा मला गोड लागलं नाही.

अर्थात किळस मला नवी नव्हती. मी गाड्यांच्या पोटात काम करणारा माणूस. सीट उचलली की खाली काय काय निघतं ते मी सांगत नाही, कारण तुम्ही जेवून बसला असाल. खर्र्याच्या पन्न्या, कोंबडीची हाडं, पोरांच्या वाळलेल्या ओकाऱ्या, संत्र्यांच्या काळ्या पडलेल्या साली. बाहेरून आरशासारखी गाडी आणि आत ही घाण. लोक स्वतःच्या घाणीवर सीट कव्हर घालून घेतात आणि मग मला म्हणतात, भाऊ, रंग जरा सोबर द्या. तेजरामनं मात्र कधी कोणत्या गाडीच्या आत डोकावून पाहिलं नाही. त्याला बाहेरचाच थर दिसायचा, केसाएवढा पातळ, आणि त्या थरावर त्याचा सगळा जीव.

तो मूळचा नवेगाव बांधच्या बाजूच्या गावचा. घरी थोडं धान, बाकी तळ्यातली मासोळी. नव्व्याण्णवच्या सुमाराला घर सोडून पुण्याकडे गेला आणि शर्यतीच्या गाड्यांना कार्बनचे भाग बनवणाऱ्या एका वर्कशॉपमध्ये लागला. दहाएक वर्षांनी भांडून परत आला. भांडण कशावरून झालं ते त्यानं दर वेळी वेगळं सांगितलं. माझा अंदाज असा की मालकाच्या एखाद्या कामावर त्यानं बोट फिरवून तोंड वाकडं केलं असणार. तोंड वाकडं करण्यात त्याचा हात कोणी धरला नसता. गाडीवर तेल चोपडून चमक आणणारे, फरशी पुसलेल्या फडक्यानं बोनेट पुसणारे, उन्हात गाडी धुणारे, या सगळ्यांचा त्याला मनापासून तिटकारा होता. “छी” हा त्याचा आवडता शब्द. नम्रपणा त्याच्या वाटेला कधी गेला नाही. त्याच्या कामात चूक काढली की तो समोरच्याच्या डोळ्यांची तपासणी करायला सांगायचा.

एकदा एक नवा जावई सासऱ्यानं दिलेली गाडी घेऊन आला. सोबत सासरा, सासू, मेहुणी, सगळे. बोनेट कार्बनचं आहे आणि त्याला चमक मारून द्या, म्हणाला. तेजरामनं बोट फिरवलं. मग कोपऱ्यात नख घातलं आणि सर्रकन एक लांब पट्टी सोलून काढली. कार्बनच्या छापाचा स्टिकर होता. खाली साधा पांढरा पत्रा. जावयाच्या तोंडाकडे बघवेना. गाडी विकणाऱ्यानं सासऱ्याला फसवलं होतं, त्यात पोराचा काय दोष? पण तेजरामनं ती पट्टी चिमटीत धरून सगळ्यांना दाखवली, जमिनीवर टाकली आणि जाऊन हात साबणानं धुतले. थुंकीनं काम करणारा माणूस स्टिकरला हात लागला म्हणून साबण लावतो! मी त्या दिवशी त्याच्याशी बोललो नाही. त्याच्या ते लक्षातही आलं नाही.

तरीही एका गोष्टीसाठी मी त्याच्याजवळ जाऊन बसायचो. कार्बन म्हणजे शेवटी कापडच आहे, हे मला त्यानं न सांगता कळलं होतं. त्या काळ्या बोनेटमध्ये तिरकी वीण असते, पँटच्या कापडात असते तशी. मी म्हटलं, हे तर ट्विल आहे. तेव्हा पहिल्यांदा त्यानं माझ्याकडे माणसासारखं बघितलं. मग घासताना मला दाखवायचा. बारीक वॉटर पेपरनं, म्हणजे पाण्यात चालणाऱ्या पॉलिश पेपरनं, ओलं घासलं की दुधासारखं पाणी सुटतं, ते क्लिअरचं. पाणी पांढरं आहे तोवर घासत राहायचं. ते काळं झालं की समजायचं की पेपर कापडात घुसला, धागे कापले गेले. मग तो डाग कधीच जात नाही, फार तर नवीन क्लिअरखाली दबतो. “पांढरं पानी आपलं,” तो सांगायचा. “कारं पानी आलं का हात उचलाचा, अन् मंग हातच धुवाचे.” त्याच्या हातून काळं पाणी आलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

आमच्या शेडच्या मागेच उसना, म्हणजे उकड्या तांदळाची एक मोठी मिल होती. तिचा बॉयलर कोंढ्यावर चालायचा आणि चिमणीतून सगळ्या आसमंतात राख पडायची. माझ्या रेक्झिनवर पडायची, डब्यातल्या भातावर पडायची. एकदा तेजरामनं रायपूरच्या एका बोनेटवर क्लिअर मारलं आणि ते ओलं असतानाच वारा फिरला. तासाभरात त्या काचेवर करपलेल्या भाकरीसारखे काळे ठिपके बसले. तो तसाच गन हातात घेऊन मिलच्या फाटकावर गेला आणि मुनीमाला म्हणाला की बॉयलर बंद करा. मुनीमानं त्याला चहा पाजून परत पाठवलं.

तेव्हापासून तो मिल बंद असेल त्याच दिवशी क्लिअर मारायचा. म्हणजे सणाच्या दिवशी. त्यातही दसरा त्याला सगळ्यांत सोयीचा, कारण त्या दिवशी मिलवाले मशीन धुऊन, हार घालून, पूजा करून बॉयलर थंड ठेवतात आणि हवाही कोरडी असते. आता दसऱ्याला कारागिरानंही हत्याराला हार घालायचा असतो आणि त्या दिवशी त्याला विश्रांती द्यायची असते. सगळ्या रोडवरचे मिस्त्री पाने-हातोडे मांडून, कुंकू लावून घरी जायचे. हा मात्र कंप्रेसरचा हार काढून खिळ्याला टांगायचा आणि गन सुरू करायचा. त्याची बायको पुस्तकला दर वर्षी पूजेची थाळी घेऊन यायची आणि दर वर्षी भांडून जायची. मी हे तिच्याकडूनच ऐकत होतो, कारण दसऱ्याला आमचं घरदार नागपूरला दीक्षाभूमीला जातं.

मग त्याला खोकला लागला. आधी पावसाळ्याचा म्हणाला, मग राखेचा म्हणाला. पुढे बोलता बोलता त्याच्या छातीतून शिट्टी वाजायला लागली आणि पायरी चढून शेडमध्ये आला की खांब धरून उभा राहायला लागला. पुस्तकला वहिनींनी त्याला ओढून नागपूरला नेलं. तिथल्या डॉक्टरनं स्पष्ट सांगितलं की क्लिअर कडक व्हावं म्हणून त्यात जे हार्डनर मिसळतात, त्याची वाफ याच्या फुफ्फुसाला बाधली आहे आणि आता थोडीशीसुद्धा सोसणार नाही. पुन्हा गन धरली तर जीव जाईल. इतकी वर्षं हा तोंडाला दुपट्टा बांधून ते विष ओढत होता. दुकानात मास्क होता, पण त्याची काच धुरकट होते म्हणून यानं तो खिळ्यावर टांगलेला. मला एवढा संताप आला की मी दोन दिवस त्याच्या बाजूला पाठ करून शिवत होतो. गाडीच्या कातडीची एवढी काळजी आणि स्वतःच्या आतलं काय सडतंय याचा पत्ता नाही. छी म्हणायची पाळी माझी होती.

त्यानंतर तो फक्त घासायचं आणि पॉलिशचं काम घ्यायचा. ज्याचं क्लिअर मेलेलं असेल तो भाग परत पाठवायचा. वर्षभर असं नीट चाललं. वहिनींच्या चेहऱ्यावर जरा रक्त दिसायला लागलं.

मग मागच्या मिलच्या मालकाचा पोरगा, छोटे सेठ, आपल्या गाडीचं कार्बनचं बोनेट घेऊन आला. दिवाळीनंतर त्याचं लग्न होतं आणि वरातीत ती गाडी पुढे चालणार होती. तेजरामनं थुंकी लावली, बघितलं आणि क्लिअर जिवंत आहे, नुसतं घासून होईल, असं सांगितलं. सेठ खूश होऊन गोव्याला निघून गेला.

दुपारी मी मशीनवर होतो तेव्हा तेजरामनं हाक मारली. गेलो तर तो बोनेटवर दोन्ही हात टेकून उभा. पेपरखालून निघालेला ओघळ बादलीच्या काठापर्यंत आला होता, आणि तो काळा होता. तळहाताएवढ्या जागेत वीण खरवडली गेली होती.

“खोकला आला,” तो म्हणाला. “हातावर भार गेला.”

मी त्याला म्हटलं की सेठला फोन करून सांग, आभाळ कोसळत नाही. तो ऐकून घेईना. नागपूरच्या दुसऱ्या कारागिराकडून क्लिअर मारून आणू म्हटलं, तर त्या माणसाचं क्लिअर संत्र्याच्या सालीसारखं होतं म्हणाला. मग मी चिडून विचारलं की शेवटी करणार काय आहेस.

“तेजरामनं कापलं, असं सांगू त्याले?”

“सांग.”

“मंग मी कायचा तेजराम?”

मला तो त्या क्षणी अगदी नकोसा झाला. एवढा गर्व माणसानं छातीत हवा नसताना बाळगू नये. मी हे त्याला तोंडावर सांगितलं. त्यानं बोनेटवर चादर घातली आणि दसऱ्याला किती दिवस आहेत ते बोटांवर मोजायला लागला.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी वहिनी माझ्या घरी आल्या. आमची नागपूरची तयारी चालली होती. त्या दारातच उभ्या राहिल्या.

“भाऊजी, उद्या तुमी जाऊ नोका. माह्यं तर ऐकतच नाही. तुमीच त्याले धरा.”

बायकोला आणि पोरांना मी गाडीत बसवून दिलं आणि सकाळी शेडवर गेलो. तेजरामच्या आधी पोचलो. हार्डनरचा डबा उचलला आणि माझ्या फोमच्या ढिगात खोल कोंबला. तो आला, फळीवर बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि हसायला लागला. हसता हसता त्याला खोकला आला. मग कंप्रेसरमागे हात घालून त्यानं दुसरा डबा काढला.

“तो तुले लपवाले ठेवला होता,” म्हणाला.

मी मेन स्विच खाली पाडला आणि त्याच्यासमोर उभा राहिलो. त्यानं मला ढकललं नाही. ढकलायला ताकदही नव्हती. उलटी बादली ठेवून तो तिच्यावर बसला आणि बराच वेळ नुसता श्वास घेत राहिला. मिलची चिमणी स्वच्छ होती. आभाळात राखेचा कण नव्हता.

“टेलर,” तो म्हणाला, “मले वाचवून तू कोठी ठेवशील?”

मी म्हटलं, घरी. वहिनीजवळ. तो म्हणाला की घरी बसलेला तेजराम कोण, हे त्याला माहीत नाही. मग उठला, माझ्या हाताखालून हात घालून स्विच वर केला. मी मास्क आणून त्याच्या तोंडावर स्वतः बांधला, पट्टे करकचून आवळले. त्यातून त्याला हवा ओढता येईना. पहिला हात मारून झाला आणि त्यानं तो उपटून फेकला. मी ओरडत होतो आणि तो मारत होता, या टोकापासून त्या टोकापर्यंत, हात कुठेही न थरथरता, प्रत्येक फेरीच्या शेवटी खांबाला टेकून.

वहिनी थाळी घेऊन आल्या तेव्हा तो भिंतीला पाठ लावून बसला होता आणि त्याचे ओठ जांभळे पडले होते. त्यांनी थाळी खाली ठेवली. आम्ही दोघांनी त्याला उचलून ऑटोत घातलं. जाताना माझी नजर त्या बोनेटवर गेली आणि मला सांगायला आवडत नाही, पण तसं सुंदर काम मी पाहिलेलं नाही. वीण तळाशी होती आणि वर हातभर स्वच्छ पाणी असावं असं वाटत होतं. खरवडलेली जागा मला माहीत असूनही सापडली नाही. मी पाठ फिरवून ऑटोत चढलो.

तो वाचला. पण शेडवर पुन्हा आला नाही. वहिनी त्याला घेऊन गावी गेल्या.

छोटे सेठचं लग्न थाटात झालं. मीही होतो, कारण त्या गाडीची सीट कव्हरं माझी होती आणि सेठनं बोलावलं होतं. वरात बाजारातून निघाली, पोरांना दारू चढलेली होती. मिलच्या फाटकासमोर त्यांनी फटाक्यांचा खोका उचलून बोनेटवर ठेवला आणि पेटवला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. खोका सगळा जळून संपेपर्यंत मी तिथेच उभा होतो. धूर गेल्यावर ताटाएवढी जागा करपलेली, फुगलेली दिसली. मी सेठजवळ जाऊन दाखवलं. तो फेटा सावरत म्हणाला, “कोई बात नहीं टेलर, स्टिकर लगवा लेंगे।” मग मला लाडू दिला. तो मी गटारात टाकला आणि न जेवता घरी आलो. आजही त्या मिलचा तांदूळ आमच्या घरात येत नाही. बायको हसते, पण मी खात नाही.

हिवाळा सरताना मी तेजरामला बघायला गेलो. बसमधून उतरून तळ्याच्या पाळीवरून, म्हणजे बांधावरून, चालत गेलं की त्याचं घर. तो दारात खाटेवर बसला होता, पाठीमागे गोधड्यांचा ढीग लावून. इतका वाळला होता की मला आधी त्याचा बाप वाटला. एक वाक्य बोलायला त्याला तीन वेळा थांबावं लागत होतं. धान कसं झालं, माझी पोरं काय करतात, असं थोडं झालं. मग तो जे विचारणार हे मला माहीत होतं, तेच त्यानं विचारलं. वरातीत गाडी कशी दिसली?

मी खोटं बोलायचं ठरवून गेलो होतो. वाटेत वाक्यही जुळवलं होतं. पण त्याच्या गळ्याची ती वर-खाली होणारी खळगी बघून माझं डोकं फिरलं. ज्यासाठी त्यानं स्वतःची ही दशा करून घेतली, त्याचं काय झालं हे त्याला कळायलाच पाहिजे असं वाटलं. मी सगळं सांगितलं. खोका, टाळ्या, करपलेली जागा. कोणी ढुंकून बघितलं नाही, तू कापलेलं आणि तू झाकलेलं कोणाला दिसलंच नसतं, हेही सांगितलं.

तो रडेल किंवा मला हाकलेल असं मला वाटलं होतं. त्यानं डोळे बारीक केले.

“करपलं ते,” तो म्हणाला, आणि श्वासासाठी थांबला. “वरच्या वरच आहे... का कापडात गेलं?”

मी म्हटलं, मला काय माहीत, मी शिवणारा माणूस. त्याला ते पटलं नाही. रंग पिवळा होता की काळा, फोड हाताला पोकळ लागत होते का, असं तो थांबत थांबत विचारत राहिला. मी उठलो. मला त्याच्यासमोर बसवेना. त्याचा राग येत होता, सेठचा येत होता, आणि त्या काळ्या कापडाचाही. वहिनी मला अंगणाच्या टोकापर्यंत सोडायला आल्या.

“त्याले असं काही सांगत नोका जाऊ भाऊजी,” त्या हळूच म्हणाल्या. “मंग तो बसत नाही. शेडवर जातो म्हणते.”

पाळीवर चढल्यावर मी मागे वळून बघितलं. तेजराम खाटेवरून उठून उभा राहिला होता. एक हात खाटेच्या कडेवर, दुसऱ्या हातानं खुंटीवरचा सदरा काढत होता. एक बाही घातली, आणि मग तो तसाच, दुसरी बाही लोंबत असताना, खाली बसला. वहिनी त्याच्याजवळ पोचल्या तेव्हा त्याचा हात दुसरी बाही शोधत होता.